बी.एस्सी. बी.एड. झालं, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) बाकी. चोपडा तालुक्यात पुढं काय?

प्रश्न (चोपडा): रसायनशास्त्रात बी.एस्सी., गणित-विज्ञान घेऊन बी.एड., निकाल यंदाच लागला. तालुक्यातली एक अनुदानित संस्था म्हणते, आठवी-नववीला लगेच रुजू व्हा, मान्यता मागून येईल. वर ‘इमारत निधी’ मागतेय. घरचे शेत गहाण टाकायला तयार आहेत. हे करावं, परीक्षांच्या मागे लागावं की एम.एस्सी. करावं?

शालेय लिपिक, धुळे: ताई, शेताला हात लावू नका. आधी चालू वर्षाची संचमान्यता, म्हणजे शाळेच्या मंजूर पदांचा सरकारी तक्ता, मागा. मंजूर पदं आणि कार्यरत शिक्षक हे दोन रकाने शेजारी ठेवून बघा. मंजूर ७, कार्यरत ७ असतील तर जागाच नाही, तुमची फक्त हजेरीवर सही होईल. जागा रिकामी निघाली तरी आधी शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता, मग शालार्थ आयडी, म्हणजे सरकारी पगार प्रणालीतला तुमचा क्रमांक. आयडीशिवाय सरकारी पगार निघत नाही. अल्पसंख्याक संस्था सोडल्या तर अनुदानित शाळांची भरती राज्याच्या शिक्षक भरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलवरूनच होते, म्हणून परस्पर दिलेला आदेश मान्यतेलाच अडकतो आणि माणूस वर्षानुवर्षं फुकट शिकवत राहतो. संस्थेला मुलाखत घेऊन निवडायचा पर्याय आहे, पण बोलवायच्या उमेदवारांची यादी पोर्टलच देतं. शिवाय आठवीला टीईटी लागते, ती तुमच्याकडे नाही.

परीक्षार्थी मार्गदर्शक, जळगाव: टीईटी आणि टेट (शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी) यांत गल्लत करू नका. टीईटी ही पात्रता: १५० गुण, खुल्या प्रवर्गाला ६० टक्के, राखीवला ५५. तुम्ही पेपर २, गणित-विज्ञान गट द्या. ११ ऑगस्ट २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर बी.एड.वर पहिली ते पाचवीला नेमणूक मिळत नाही, तेव्हा पेपर १ वर वेळ घालवू नका. सीटीईटी, म्हणजे केंद्राची टीईटी, तीही द्या, केंद्रीय विद्यालय आणि नवोदयच्या टीजीटी (प्रशिक्षित पदवीधर शिक्षक) पदांना तीच लागते.

टेटच्या गुणांवर भरतीची गुणवत्ता यादी लागते. २०० प्रश्न, १२० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ३६ सेकंद. वजा गुण नाहीत, तरी शेवटचे प्रश्न कोरे सोडून येणारे पुष्कळ. घड्याळ लावून सराव करा. नववी-दहावीला टीईटी नको, टेट हवीच. आणि ही परीक्षा दरवर्षी होत नाही: २०१७, २०२३, २०२५. एक हुकली की दोन-तीन वर्षं गेली समजा.

पवित्र पोर्टलवर सगळ्यात वाईट चूक म्हणजे पसंतीच्या जागांचे प्राधान्यक्रम भरून ते लॉक न करणं. चांगले गुण असूनही नाव यादीत येत नाही. पोर्टलवर स्वतःची माहिती भरायच्या स्वप्रमाणपत्रात पदवीचा विषय गुणपत्रिकेवर आहे तसाच लिहा.

विज्ञान शिक्षक, तळोदा: एम.एस्सी. जरूर करा, पण टेटची तयारी न सोडता. अकरावी-बारावीला पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. दोन्ही लागतात. आदिवासी मुलांच्या एकलव्य निवासी शाळांच्या पीजीटी (पदव्युत्तर शिक्षक) पदालाही तेच. नेमणूक झाली की सुरुवातीची तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून महिन्याचं मानधन (रुपयांत): प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,०००, उच्च माध्यमिकला २०,०००.

मधल्या काळात यावल, तळोदा, नंदुरबार, धुळे या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांच्या जाहिराती बघत राहा. आश्रमशाळेत तात्पुरतं काम मिळालं तर करार प्रकल्पाशी होतोय की एजन्सीशी, ते वाचूनच सही करा.

मुलाखतीत पाठ घेऊन दाखवावा लागतो, त्याचीही तयारी ठेवा. आम्ल-आम्लारी शिकवायला लिटमस कशाला? हळद फासलेला कागद चुलीच्या राखेच्या निवळीत बुडवला की लालसर होतो, चिंचेच्या पाण्यात पिवळाच राहतो. धडगाव-अक्कलकुव्याकडं राख, चिंच, हळद यांना पोरांच्या पावरी-भिली बोलीत काय म्हणतात ते आधी विचारून घ्या. शब्द ओळखीचे असले की पाचवीचं पोरही हात वर करतं.

प्रश्नकर्ती: संस्था संचमान्यता दाखवतच नाही.

शालेय लिपिक, धुळे: जळगाव जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षण विभागात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, शाळेचा यूडायस (सरकारी ओळख) क्रमांक घाला, संचमान्यतेची प्रत आणि विज्ञानाच्या रिक्त पदांची माहिती मागा. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. तोवर संस्थेला एक रुपयाही देऊ नका, मूळ गुणपत्रिका तर हातातही देऊ नका.