न्हावा शेवाला कंटेनर अडकलाय, कस्टम माल सोडत नाही. तातडीने मदत हवी आहे

रविवारपेठकर
नमस्कार मंडळी. चीनच्या यिवूहून मागवलेला वीस फुटी कंटेनर न्हावा शेवाला अडकून पडलाय. ड्यूटी भरायला मी एका पायावर तयार आहे, तरी माल सोडत नाहीत. सीएचएला (कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटला) फोन केला की "शेठ, उद्या बघू". सीएफएसचं (कंटेनर ठेवलाय त्या गोदामाचं) भाडं वेगळं, शिपिंग लाइनचं डिटेन्शन (कंटेनर अडकवल्याचे पैसे) वेगळं, मीटर चालूच. दिवाळीच्या आत माल दुकानात नाही आला तर सीझन गेला. हायकोर्टात रिट याचिका टाकली तर किती दिवसांत सुटतो? चांगला वकील माहीत असेल तर व्यनि करा. प्लीज लवकर.

उरणकर_सीएचए
माल काय आहे? बिल ऑफ एंट्री (आयातीची कस्टमकडची घोषणा) कोणत्या हेडिंगखाली, म्हणजे मालाच्या कोणत्या वर्गात, भरलंय? आणि नुसता होल्ड आहे की पंचनामा करून जप्त केलाय? हे तीन सांगितल्याशिवाय कोणी काही सांगू शकणार नाही.

टेंभीनाका
कॅनन इंडियाचा निकाल बघा! सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये स्पष्ट सांगितलंय की डीआरआयला (महसूल गुप्तचर खात्याला) कस्टमची नोटीस काढायचा अधिकारच नाही. एका फटक्यात सुटाल.

वकीलीणबाई
टेंभीनाका, तो निकाल फेरविचारात नोव्हेंबर 2024 ला फिरला. आणि इथे डीआरआय कुठून आली? त्यांनी तर कोणी पकडलं तेसुद्धा लिहिलेलं नाही.

रविवारपेठकर
माल साधा आहे हो, पार्टी डेकोरेशन. फुगे, झालरी, लायटिंगच्या पट्ट्या, किरकोळ गिफ्ट आयटम. बिल ऑफ एंट्री भरलंय. काहीतरी पंचनामा झालाय, सीएचएने व्हॉट्सॲपवर फोटो टाकलाय. वकिलाचं सांगा ना कोणीतरी.

सांगलीचे_काका
सावध राहा! "तुमचं पार्सल कस्टमने पकडलंय, पैसे भरा" असे फोन येतात, सगळा फ्रॉड असतो. आमच्या शेजाऱ्यांना गंडवलं. कस्टमच्या खऱ्या पत्रावर डिन नंबर (पत्राचा ओळख क्रमांक) असतो, तो सीबीआयसीच्या (कस्टमच्या केंद्रीय मंडळाच्या) साइटवर तपासता येतो. ओटीपी कोणालाही देऊ नका.

उरणकर_सीएचए
काका, त्यांचा अख्खा कंटेनर आहे, पार्सल नाही 🙏
रविवारपेठकर, तो फोटो नीट मोठा करून वाचा. "किरकोळ गिफ्ट आयटम" म्हणजे काय ते पंचनाम्याच्या जोडपत्रात लिहिलेलं असणार.

रविवारपेठकर
वाचलं. "रिमोट कार बॅटरीसह", "सॉफ्ट टॉय", "बबल गन" असं लिहिलंय. खोक्यावर वय 3+ छापलंय त्याचाही उल्लेख आहे. पण ती मोजकी कार्टन आहेत हो, बाकी सगळं डेकोरेशनच. त्यासाठी अख्खा कंटेनर धरायचा?

उरणकर_सीएचए
मग सरळ सांगा ना, खेळणी आहेत. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना बीआयएस (आयएसआय मार्क) सक्तीचं आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांनी खेळायची वस्तू म्हणजे खेळणं, गिफ्ट म्हणा नाहीतर काही म्हणा. परदेशी कारखान्याकडे बीआयएसचं लायसन नसेल तर तो माल सोडता येत नाही, ड्यूटी कितीही भरा. त्यात डेकोरेशन म्हणून दाखवलंत, म्हणजे चुकीची घोषणा. खेळण्यांवरची मूळ ड्यूटी 2020 ला 20 टक्क्यांवरून 60 झाली आणि 2023 पासून 70 आहे. साहेब लोक आधी हाच हिशोब मांडतात.

जळगाव_ट्रेडर
माझं ऐका, काहीच करू नका. कस्टम कायद्याचं कलम 110(2). सहा महिन्यांत शो कॉज नोटीस आली नाही तर माल परत द्यावाच लागतो. माझ्या साडूचा माल असाच सुटला.

वकीलीणबाई
जळगावकर, अर्धंच सांगताय. आयुक्त लेखी कारण देऊन आणखी सहा महिने वाढवू शकतात. शिवाय कलम 110ए खाली मालाची तात्पुरती सुटका मिळाली तर ती मुदत लागूच होत नाही, 2018 पासून. आणि सहा महिने बसून राहायचं म्हणताय, तोवर त्यांची दिवाळी जाईल ना.

जळगाव_ट्रेडर
तुम्हा वकिलांना फी मिळाली पाहिजे, म्हणून घाई.

वकीलीणबाई
मी इथे कोणाकडून फी घेतलेली नाही. रविवारपेठकर, रिट आत्ताच नको; आधी अर्ज केलाच नाही तर कोर्ट तेच विचारेल. दोन अर्ज वेगवेगळे द्या. डेकोरेशनच्या मालासाठी 110ए खाली तात्पुरती सुटका. त्याला पूर्ण किमतीचा बॉण्ड आणि बँक गॅरंटी लागेल, बँकेशी आजच बोला. खेळण्यांसाठी परत पाठवायची परवानगी मागा. दंड दोन्हीकडे लागू शकतो, तो धरून चाला. आदेश विरोधात गेला तर अपील 60 दिवसांत.

नेरुळची_मीना
विषय निघालाच आहे तर विचारते, भाऊ दुबईहून दोन आयफोन आणतोय, एक माझा. चालेल का?

उरणकर_सीएचए
मीनाताई, वेगळा धागा काढा.
भाड्याबद्दल: जप्त मालावर सीएफएसने भाडं घेऊ नये असं कस्टममधला माल हाताळण्याच्या 2009 च्या नियमांत आहे, नियम 6(1)(एल). त्याचा हवाला देऊन लेखी पत्र द्या, तोंडी कोणी ऐकत नाही. शिपिंग लाइनचं गणित निराळं आहे. डिटेन्शनची सवलत घोषणा बरोबर निघाली तरच, म्हणजे तुम्हाला नाही. म्हणून परवानगी काढून माल डीस्टफ करा (कंटेनरमधून बाहेर काढा) आणि रिकामा कंटेनर लाइनला परत द्या. हे पहिलं काम, बाकी सगळं नंतर.

रविवारपेठकर
आत्ता सीएचएला सांगतो. पण खेळणी परत पाठवायचा खर्च कोण देणार? चीनवाला तर मेसेजला उत्तरच देत नाही.

उरणकर_सीएचए
तुम्हीच. नाहीतर ती नष्ट करावी लागतील, त्याचाही खर्च तुमचाच. आणि पंचनाम्याची तारीख अजून सांगितली नाहीत.

रविवारपेठकर
फोटोत तारखेवर शिक्का आलाय, वाचता येत नाही. सीएचए फोन उचलत नाहीये.

जळगाव_ट्रेडर
तारीख कळली की सहा महिने मोजा. मी सांगितलं होतं.