अ‍ॅस्पिरिन ७५ बंद केली तरी असर हप्ताभर कसा काय राहतोय?

खानापूरकर:
बाबांना बायपासनंतर ही रक्त पातळ करायची गोळी चालू हाय, आता दाढ काढायची म्हणून टिळकवाडीत डेंटिस्टकडं गेलो तर ते म्हणालेत आधी हार्टवाल्या डॉक्टरना विचारून या, बंद केली तरी असर लगेच जात नाही. एवढीशी गोळी, हप्ताभर रक्तात बसत्या काय?

लॅबवाला निपाणी:
गोळी कुठली बसत्या ओ, ती थोड्या वेळात रक्तातनं जाते, खेळ सगळा प्लेटलेटचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशींचा हाय. जखम झाली की प्लेटलेट आपल्याच आवरणातल्या फॅटमधनं अ‍ॅराकिडॉनिक अ‍ॅसिड सुटं करते, कॉक्स-१ हे एन्झाइम आणि पुढचं आणखी एक मिळून त्याचं थ्रॉम्बॉक्सेन ए२ नावाचं, प्लेटलेटना जागं करणारं रसायन करतात (स्वीडनमध्ये १९७५ ला हुडकलं हे), ते शेजारच्या प्लेटलेटच्या रिसेप्टरवर बसलं की तिच्यात कॅल्शियम वाढतंय, चपटी चकती काटेरी होते आणि एकमेकींना चिकटतात. अर्ध्या मिनिटात हे थ्रॉम्बॉक्सेन मोडतंय पण, म्हणून लांबपर्यंत पसरत नाही. अ‍ॅस्पिरिन कॉक्स-१ कायमचं बंद पाडते आणि प्लेटलेटला न्यूक्लियसच (पेशीचं केंद्रक) नाही, नवीन एन्झाइम करणार कुठनं, ८-१० दिवसांनी मरेपर्यंत ती तशीच.

शहापूरची वैनी:
मग रक्त थांबायचंच नाही की!

लॅबवाला निपाणी:
थांबतंय वैनी, थ्रॉम्बिन, एडीपी हे प्लेटलेटना जागं करायचे दुसरे रस्ते चालूच असतात, जरा उशीर लागतोय एवढंच. पण खानापूरकर, आपल्या मनानं गोळी बंद करू नका हां, स्टेंट-बायपासवाल्यांचं ते लई रिस्की.

खानापूरकर:
उद्याच फोन लावतो. बाबा म्हणालेत दाढ राहू दे, कुंदा (दुधाची मिठाई) खाता येतोय तेवढं बास.