शब्दचर्चा : न्यूजरीडरमधल्या ‘एक्सपायर’, ‘किल’ आणि ‘रीसेट’ला मराठीत काय म्हणावे?

व्हॅक्स आणि पीडीपी-११ या डीईसी कंपनीच्या जुन्या संगणकांवरचे न्यूजरीडर, म्हणजे यूजनेटवरच्या चर्चा वाचण्याचे प्रोग्राम, दुरुस्त कसे करायचे, त्यात भर कशी घालायची, याची मराठी पुस्तिका तयार होते आहे. काही शब्द ठरले आहेत. ‘न्यूजरीडर’ तसाच ठेवला, कारण शब्दकोशातला ‘वृत्तनिवेदक’ म्हणजे बातम्या वाचून दाखवणारा माणूस. ‘न्यूजग्रुप’साठी ‘चर्चागट’ घेतला आणि ‘आर्टिकल’साठी ‘लेख’. अडले आहेत ते पुढचे. मसुद्यात सध्या असे आहे:

एक्सपायर – कालबाह्य होणे
किल – हटवणे
अनसबस्क्राइब – सदस्यत्व रद्द करणे
हाय-वॉटर मार्क – सर्वोच्च क्रमांक
रेकॉर्ड – ओळ
पर्ज – पुसणे

‘रीसेट’ला, आणि टिंबाने सुरू होणाऱ्या ओळीत एक टिंब वाढवतात त्या क्रियेला, अजून शब्दच नाही. कोणता शब्द खटकतो ते सांगावे आणि त्या जागी प्रणाली नेमके काय करते तेही लिहावे. नुसता ‘गोड वाटतो’ म्हणून शब्द घ्यायचा नाही.

प्रतिसाद : कालबाह्य नको, मुदत हवी

‘कालबाह्य’ म्हणजे जुनाट, आता उपयोगाचे न राहिलेले. लेख जुनाट झाला म्हणून सर्व्हरवरून जात नाही, तो ठेवण्याचे दिवस भरले म्हणून जातो. त्यासाठी ‘मुदत संपणे’ हा रोजच्या वापरातला शब्द आहे. विशेषण हवे असेल तर ‘मुदतबाह्य’.

पण इथे एकच शब्द पुरणार नाही, कारण मुदती दोन आहेत. एक लेखाच्या मजकुराची, दुसरी हिस्टरी फाइलमधल्या, म्हणजे आलेल्या लेखांच्या यादीतल्या, त्याच्या मेसेज-आयडीची (प्रत्येक लेखाची वेगळी ओळख). मजकूर गेल्यावरही आयडी काही दिवस ठेवावा लागतो. शेजारच्या सर्व्हरने तोच लेख पुन्हा देऊ केला तर ‘हा येऊन गेला’ असे सांगता आले पाहिजे. आयएनएन या सर्व्हर-प्रोग्राममध्ये एक्सपायर डॉट सीटीएल या फाइलीत ‘/रिमेंबर/’ या नावाने सुरू होणारी ओळ असते, ती हीच मुदत. दुसरीकडे किती दिवसांपूर्वीचा लेख स्वीकारायचा याची मर्यादा असते. आयएनएनमध्ये ती मूळची १० दिवस आहे. रिमेंबरचा आकडा त्याहून कमी झाला की गडबड होते. आयडी विसरलेला लेख पुन्हा आत येतो, त्याला नवा क्रमांक मिळतो आणि वाचणाऱ्याला आठवड्यापूर्वीचे लेख ‘न वाचलेले’ म्हणून दिसू लागतात. मग न्यूजरीडरवर ठपका येतो, लोक न्यूजआरसी (काय वाचले याचा हिशेब ठेवणारी वाचकाची फाइल) खरडत बसतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दुरुस्ती सर्व्हरवर करायची: रिमेंबर ११ करा.

म्हणून सुचवणी: लेखाची ‘मुदत’, आयडीचे ‘स्मरण’. ‘मुदत ३ दिवस, स्मरण ११ दिवस’ असे लिहिले की वाचणाऱ्याला दोन गोष्टी आहेत हे लगेच कळते.

प्रतिसाद : किल म्हणजे हटवणे नव्हे

याला माझा ठाम विरोध. लॅरी वॉल यांच्या १९८४च्या आरएन या न्यूजरीडरमध्ये लहान ‘के’ दाबला की त्या विषयाचे सगळे लेख ‘वाचले’ अशी खूण होते. मोठा ‘के’ तेच करतो, शिवाय विषय किल फाइलीत लिहून ठेवतो. सर्व्हरवरचा एकही लेख हलत नाही. क्रमांक टाकून तोच लेख पुन्हा उघडता येतो. ‘हटवणे’ वाचून नवखा माणूस घाबरेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे डिस्कवर जागा मोकळी होईल या समजुतीने किल वापरत राहील.

‘वगळणे’ आणि ‘वगळयादी’ घ्यावे. लेखकाने स्वतःचा लेख काढून घेण्यासाठी पाठवायचा ‘कॅन्सल’ संदेश वेगळा, त्याला ‘लेख मागे घेणे’.

वगळयादीतली एक गोष्ट पुस्तिकेत यायलाच हवी. गटाच्या वगळयादीत आरएन स्वतःहून ‘थ्रू ४५२०’ अशी ओळ घालतो. ४५२० पर्यंतचे लेख तपासून झाले, पुढच्या वेळी त्यानंतरचेच पाहायचे, असा तिचा अर्थ. सर्व्हरवरचे क्रमांक पुन्हा १ पासून सुरू झाले की ही ओळ शिळी होते आणि नवे लेख वगळयादीला न विचारता समोर येतात. यादीतले नमुने बरोबर असूनही ‘वगळणे चालत नाही’ अशी तक्रार आली तर आधी ती ओळ काढून पाहावी.

प्रतिसाद : सदस्यत्व कुणाचे?

वरच्याशी सहमत. त्याच न्यायाने ‘सदस्यत्व रद्द करणे’ही चूक आहे. एनएनटीपी (लेख देण्या-घेण्याची नियमावली) सर्व्हरला तुम्ही कोणते गट वाचता याचा पत्ताच नसतो. सगळा हिशेब तुमच्या न्यूजआरसीत असतो:

कॉम्प.ओएस.व्हीएमएस: १-४५१८,४५२०
कॉम्प.लँग.सी! १-९०३३

अपूर्णविराम असला तर गट चालू, उद्गारचिन्ह असले तर बंद. बंद गटाचेही वाचलेले क्रमांक जपले जातात. चिन्ह बदलले की वाचन होते तिथून पुढे. म्हणून ‘गट चालू करणे, गट बंद करणे’ एवढेच पुरे. ‘रद्द’ वाचून लोक अख्खी ओळ पुसतात. मग आरएन त्या गटाला नवा समजतो आणि घ्यायचा का म्हणून पुन्हा विचारतो. शिवाय वाचलेल्याचा हिशेबही जातो.

प्रतिसाद : पूररेषा

‘सर्वोच्च क्रमांक’ वाचला की वाटते, तेवढे लेख आहेत. तसे नसते. ‘ग्रुप’ आज्ञेला सर्व्हर असे उत्तर देतो:

२११ ८० ४५०१ ४६२० कॉम्प.ओएस.व्हीएमएस

आधी उत्तराचा संकेतांक, मग लेखांची अंदाजे संख्या, पहिला क्रमांक, शेवटचा क्रमांक. ४५०१ ते ४६२० मध्ये १२० जागा आहेत, लेख ८०. काही मागे घेतलेले, काहींची मुदत आधीच संपलेली. मधला एखादा मागितला तर ४२३ (‘या क्रमांकाचा लेख नाही’) येतो, आणि तो बिघाड नसतो. जुन्या न्यूजरीडरमध्ये ४२३ आल्यावर वाचन थांबत असेल तर तिथली अट बदलून पुढच्या क्रमांकावर जायला सांगावे.

गटातले सगळे लेख गेले तरी शेवटचा क्रमांक, म्हणजेच हाय-वॉटर मार्क, खाली येत नाही. पाणी ओसरते, भिंतीवरची खूण राहते. मूळ शब्दातही पाण्याचीच खूण आहे, तेव्हा ‘पूररेषा’ इथे नेमका बसतो.

‘रीसेट’ म्हणजे ही पूररेषाच पुसली जाणे. सर्व्हर नव्याने उभारला, क्रमांक १ पासून सुरू झाले, आता पूररेषा ३१२ आहे. तुमच्या न्यूजआरसीत मात्र १-४५२०० वाचलेले. हिशेबाप्रमाणे सगळेच वाचून झाले! आरएनच्या हे लक्षात येते. तो इशारा देतो आणि काहीच वाचलेले नाही असे धरून चालतो. ही तपासणी नसलेल्या न्यूजरीडरमध्ये गट नुसता रिकामा दिसतो. दुरुस्ती अशी: आधी न्यूजरीडरमधून बाहेर पडा, नाहीतर बाहेर पडताना तो स्मृतीतली जुनी प्रत तुमच्या दुरुस्तीवर लिहील. फाइलीची प्रत ठेवा. गटाच्या ओळीत अपूर्णविरामापुढचे सगळे काढा. वगळयादीतली थ्रू ओळ काढा. ‘रीसेट’साठी ‘पुनर्मांडणी’ वगैरे नको. ‘क्रमांक पुन्हा १ पासून’ असे सरळ लिहा.

प्रतिसाद : उणे क्रमांक म्हणजे रीसेट नव्हे

याला जोड. पीडीपी-११ वर सी भाषेतला ‘इंट’ (पूर्णांक) १६ बिटांचा, त्यामुळे ३२७६७ नंतरचा लेखक्रमांक उणे दिसतो आणि लोक त्यालाही ‘रीसेट झाले’ म्हणतात. पुस्तिकेत यासाठी ‘क्रमांक उलटणे’ हा वेगळा शब्द हवा, कारण दोष सर्व्हरचा नसून तुमच्या प्रोग्रामचा असतो.

क्रमांक ठेवणारी सगळी चलपदे ‘लाँग’ (३२ बिटांची) करा, अक्षरांचा आकडा करणाऱ्या ‘एटॉय’च्या जागी ‘एटॉल’ घाला. एवढे करून लोक थांबतात आणि छापणारे ‘प्रिंटएफ’ विसरतात. ४०००० हा लाँग आकडा जुन्या ‘%डी’ने छापला तर ० दिसतो. पीडीपी-११ वर लाँगचा वरचा शब्द (वर्ड, म्हणजे १६ बिटांचा अर्धा भाग) आधी ठेवलेला असतो आणि ‘%डी’ तेवढाच उचलतो. त्याच ओळीत पुढे दुसरा ‘%डी’ असेल तर तो उरलेला खालचा शब्द घेतो आणि -२५५३६ छापतो. पडद्यावर ० आणि शेजारी -२५५३६ अशी जोडी दिसली, तर साठवलेला क्रमांक ठीक आहे, छापण्यात चूक आहे. दोन्हीकडे ‘%एलडी’ करावे.

प्रतिसाद : व्हीएमएसवर ओळ वेगळी, नोंद वेगळी

‘रेकॉर्ड’ला ‘ओळ’ म्हणाल तर व्हीएमएसवरची (व्हॅक्सच्या कार्यप्रणालीवरची) अर्धी दुरुस्ती समजावून सांगता येणार नाही. युनिक्सवर फाइल म्हणजे बाइटांची सलग रांग, ओळ संपल्याची खूण त्या बाइटांमध्येच. व्हीएमएसवर आरएमएस हा फाइली सांभाळणारा भाग फाइल नोंदींमध्ये ठेवतो. व्हेरिएबल प्रकारात प्रत्येक नोंदीच्या आधी तिची लांबी असते आणि ओळ संपल्याची खूण फाइलीत नसतेच. वाचताना सीचे रनटाइम ती घालून देते. युनिक्सवरून आणलेला न्यूजरीडर ‘एफटेल’ने मिळालेल्या, फाइलीतली जागा सांगणाऱ्या आकड्यात बेरीज करून ‘एफसीक’ने उडी मारतो, आणि या प्रकारात ती उडी भलतीकडे पडते. लक्षण ठरलेले: न्यूजआरसी एडिटरमध्ये उघडून जपून ठेवली आणि तेव्हापासून गटांची नावे अर्धवट दिसू लागली.

‘डिरेक्टरी/फुल’ आज्ञेने नोंदीचा प्रकार पाहा. ‘स्ट्रीम_एलएफ’ नसेल तर एफडीएल (फाइलीच्या रचनेचे वर्णन करणाऱ्या) फाइलीत रेकॉर्ड विभागाखाली ‘फॉरमॅट स्ट्रीम_एलएफ’ आणि ‘कॅरेज_कंट्रोल कॅरेज_रिटर्न’ लिहून ‘कन्व्हर्ट/एफडीएल’ने फाइल बदलून घ्या. तेव्हा रेकॉर्डला ‘नोंद’ म्हणा आणि ‘ओळ’ डोळ्यांना दिसणाऱ्या ओळीसाठी राहू द्या.

‘पर्ज’ म्हणजे पुसणे नव्हे. व्हीएमएस प्रत्येक वेळी फाइलीची नवी आवृत्ती करतो, पर्ज सर्वांत नवी ठेवून जुन्या काढतो. ‘छाटणी’ म्हणावे. न्यूजरीडर दर वेळी बाहेर पडताना न्यूजआरसी लिहितो, त्यामुळे आवृत्त्या साचतात. आवृत्तीचा आकडा ३२७६७ पर्यंतच जातो. तिथे पोचल्यावर फाइल लिहिली जात नाही आणि वाचलेले लेख दुसऱ्या दिवशी न वाचलेले होतात. नुसत्या छाटणीने हे सुटत नाही, कारण उरलेल्या फाइलीचा आकडा ३२७६७च असतो. छाटणीनंतर ‘रीनेम’ने तिला ‘;१’ करा. मग ‘सेट फाइल/व्हर्जन_लिमिट=३’ दिले की पुढे आवृत्त्या साचत नाहीत.

प्रतिसाद : टिंब दुणावणे आणि गोषवारा

टिंबाच्या क्रियेला ‘टिंब दुणावणे’. एनएनटीपीत लेखाचा शेवट एकट्या टिंबाच्या ओळीने कळतो. म्हणून मजकुरातली ओळ टिंबाने सुरू होत असेल तर पाठवणारा एक टिंब वाढवतो, घेणारा एक काढतो. न्यूजरीडर पाठवताना दुणावत नसेल तर लेख मधेच तुटतो आणि उरलेल्या ओळींना सर्व्हर आज्ञा समजतो. एकामागून एक ५०० (‘आज्ञा कळली नाही’) येत राहतात. घेताना काढत नसेल तर टिंबाने सुरू होणाऱ्या छापाईच्या आज्ञा असलेले लेख दोन-दोन टिंबांचे दिसतात. कोणती बाजू चुकते ते पाहायला ११९ क्रमांकाच्या पोर्टवर टेलनेटने जाऊन तोच लेख हाताने मागवावा.

‘ओव्हरव्ह्यू’ (अनेक लेखांच्या शीर्षांतली माहिती एकदम देणारी सोय) यादीत नव्हता, पण लागेल. त्याला ‘गोषवारा’. जुन्या न्यूजरीडरमध्ये करण्यासारखी सर्वांत उपयोगी भर हीच आहे. १९८६च्या मूळ एनएनटीपीत गोषवारा नाही, त्यामुळे जुने न्यूजरीडर प्रत्येक लेखाचे शीर्ष ‘हेड’ने वेगळे मागवतात. एका फेरीला (आज्ञा आणि तिचे उत्तर) २०० मिलिसेकंद धरले तर ५०० लेखांना १०० सेकंद. त्याऐवजी आधी ‘मोड रीडर’, मग ‘ग्रुप’, मग ‘एक्सओव्हर ४५०१-४६००’ ही गोषवाऱ्याची आज्ञा. २२४ आला तर टिंबापर्यंत ओळी वाचा. ५०० आला तर पुन्हा ‘हेड’वर या.

प्रत्येक ओळीत टॅबने वेगळे केलेले आठ रकाने असतात: क्रमांक, विषय, लेखक, तारीख, मेसेज-आयडी, संदर्भ, बाइट, ओळी. इथे ओळीचे तुकडे पाडणारे ‘स्ट्रटॉक’ वापरू नका. चर्चेतल्या पहिल्या लेखाचा संदर्भाचा रकाना रिकामा असतो, म्हणजे दोन टॅब लागोपाठ. स्ट्रटॉक त्यांना एकच समजतो आणि पुढचे रकाने एक घर सरकतात: बाइटांचा आकडा संदर्भ म्हणून बसतो. टॅब एकेक करून ‘इंडेक्स’ने शोधा.

संदर्भाचा रकाना लांबलचक असू शकतो, ५१२ बाइटांच्या बफरवर विसंबू नये. पीडीपी-११ वर डेटाला ६४ किलोबाइटच मिळतात; तिथे ओळ अक्षर-अक्षर वाचून क्रमांक, विषय, लेखक एवढेच ठेवा आणि बाकीचे सोडून द्या. लेखामागे ८० बाइट धरले तर १०० लेखांना ८००० बाइट पुरतात.

मूळ प्रश्नकर्ता

मुदत, स्मरण, वगळयादी, गट बंद, पूररेषा, नोंद, छाटणी, गोषवारा हे सगळे घेतले. ‘क्रमांक उलटणे’ला स्वतंत्र कलम केले. एक राहिले: आरएनमधल्या ‘सी’ कळीचे ‘कॅच अप’. मसुद्यात ‘बरोबरी गाठणे’ आहे.

प्रतिसाद

बरोबरी कुणाशीच गाठली जात नाही. न्यूजआरसीतली त्या गटाची ओळ १ पासून पूररेषेपर्यंत भरली जाते, लेख एकही उघडला जात नाही. ‘सगळे वाचले धरणे’.