मीटर की रंग? चिपळूणच्या एका सोसायटी ग्रुपवरची शनिवारची चर्चा

सचिव: सभासदहो, शिमगा आटपला, आता पाऊस लागायच्या आत निधीतून एकच मोठं काम होईल. एकतर बाहेरून रंग, नाहीतर पार्किंगमधले, पुरात बुडणारे लाइटचे मीटर उचलून पहिल्या मजल्यावर जिन्यापाशी नेणं. रंग हवा त्यांनी या मेसेजला अंगठा द्या.

ए-२०१ काका: रंगच. भिंती शेवाळून काळ्या पडल्यात. मे महिन्यात मुंबईची माणसं येतात, लाज वाटते. अनुमोदन.

बी-१०२: अनुमोदन.

ए-३०४: अनुमोदन.

सचिव: अर्ध्या तासात २४ पैकी १९ अंगठे. रंगकाम मंजूर धरतो.

बी-२०३: सचिवसाहेब, जरा थांबा. त्या १९ मध्ये माझाही अंगठा होता, तो मी आत्ता काढलाय. मला मीटर वर न्यायला हवे होते. पण ग्रुप उघडला तेव्हा बारा अंगठे पडलेले होते. एकदम दोन गोष्टी मनात आल्या. एवढे जण म्हणतायत म्हणजे त्यांनी काहीतरी विचार केला असेल. आणि आपण एकटीनेच कशाला वेगळं बोलायचं. दिला अंगठा. त्यानंतर मला चार घरांतून फोन आले, "मॅडम, आम्हालाही मीटरच हवे होते, पण सगळे रंग म्हणतायत." नावं सांगणार नाही. म्हणजे किमान पाच जण एकमेकांचे अंगठे बघून गप्प बसलो.

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. मॉर्टन डॉइच आणि हॅरल्ड जेरार्ड यांनी १९५५ साली नेमके हेच दोन धागे वेगळे काढून दाखवले होते. दुसऱ्याला जास्त कळतं असं वाटून त्याच्यामागे जाणं हा एक, आणि चारचौघांत वेगळं पडायला नको म्हणून जाणं हा दुसरा. अंगठ्यात दोन्ही एकत्र होतात, मग खरं मत किती आणि भीड किती ते मोजता येत नाही. म्हणून अंगठ्यांऐवजी गुप्त चिठ्ठ्या घ्या.

ए-२०१ काका: म्हणजे आम्ही सगळी मेंढरं का हो मॅडम? मी तर मनापासून दिला अंगठा.

बी-२०३: नाही हो काका, तुमचं मत तुमचंच आहे, तुम्ही पहिले बोललात. प्रश्न तुमच्या नंतर बोललेल्यांचा आहे. आणि मेंढरं तर कोणीच नाही. सॉलोमन अ‍ॅश नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, जन्म पोलंडमधल्या वॉर्सा शहरातला, लहानपणीच अमेरिकेत आले. १९५० च्या दशकात त्यांनी अगदी साधा प्रयोग केला. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. तिघींतली कुठली पहिलीएवढी, ते मोठ्याने सांगायचं. एकट्या माणसाला विचारलं तर शंभरात एखादी चूकसुद्धा होत नाही, इतकं सोपं. पण खोलीत बाकीचे सगळे अ‍ॅश यांनी पढवून आणलेले होते. १८ पैकी १२ वेळा ते सगळे एकमुखाने तेच चुकीचं उत्तर देत. खऱ्या विद्यार्थ्याची पाळी जवळजवळ शेवटी यायची. अशा वेळी साधारण तिसरा हिस्सा उत्तरं चुकीची, गटासारखीच आली. दर चार जणांतले तिघे निदान एकदा तरी वाहवले.

बी-४०४: मॅडम, पण मग दोन तृतीयांश उत्तरं बरोबर आली की. हे कोणी सांगत नाही.

बी-२०३: अगदी बरोबर, आणि अ‍ॅश स्वतःही त्यावर जोर देत. चौथा हिस्सा मुलं तर एकदाही हलली नाहीत. पण माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. गटातल्या एकाने जरी खरं उत्तर दिलं, तरी चुका चौथाईवर यायच्या. फक्त एक सोबती. आणि उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहू दिलं तरी चुका खूप कमी व्हायच्या. डोळे तेच, रेघा त्याच, बाकीचे ऐकणार नाहीत एवढाच फरक. म्हणून मी चिठ्ठ्या मागतेय.

ए-३०४: अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोरांचं चिपळूणला कशाला लावायचं? आपली माणसं वेगळी.

बी-२०३: वेगळी आहेत, आणि म्हणूनच जास्त सांभाळायला हवं. १९९६ मध्ये रॉड बाँड आणि पीटर स्मिथ यांनी रेघांच्या अशा १३३ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला, १७ देशांतल्या. जिथे माणसं गोतावळा, गाव, घर यांना धरून राहतात, तिथे गटाकडे झुकणं जास्त दिसलं. आपल्याकडे भीड हा शब्द रोजचा आहे. "चार लोक काय म्हणतील" हे आपण मुलांना चालायला लागायच्या आधी शिकवतो. त्यात चांगलंही खूप आहे, त्याच भिडेने आपण शेजाऱ्याच्या दारात मध्यरात्रीही उभे राहतो.

बी-३०१ वहिनी: मध्यरात्रीचं निघालं म्हणून सांगते. २२ जुलै २०२१. पहाटे पाणी कंपाउंडात आलं तेव्हा मी गॅलरीत होते. समोर बी-१०२ चे काका गॅलरीत, वर ४०४ चे बाबा. सगळे पाण्याकडे बघत होते आणि मधूनच एकमेकांकडे. कोणीच गाडी काढत नव्हतं. मला वाटलं, २००५ च्या पुराचं यांना माहीत आहे, त्या वेळी पाणी इथवर येऊन ओसरलं होतं असं हेच सांगतात, म्हणजे काळजी नाही. नंतर बी-१०२ काकांशी बोलले तर ते म्हणाले, "वहिनी शांत उभ्या होत्या म्हणून मीही थांबलो." तासाभरात खालच्या सगळ्या गाड्या गेल्या. मीटर बुडाले. पुढे नऊ दिवस आपण मेणबत्त्यांवर काढले.

बी-१०२: खरं आहे. मला तेव्हा आतून भीती वाटत होती. बोललो नाही. आज पहिल्यांदा लिहितोय. आणि रंगाला अनुमोदन दुसरं मीच दिलं, तेही काकांचं वाचून.

बी-२०३: वहिनी, काका, हे तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे. बिब लाताने आणि जॉन डार्ली यांनी १९६८ मध्ये हुबेहूब हेच प्रयोगात पाहिलं. विद्यार्थी खोलीत फॉर्म भरतोय आणि भिंतीतल्या झडपेतून धूर आत येतोय. एकटा असेल तर चारातले तीन जण उठून सांगायला गेले. पण शेजारी दोन माणसं मुद्दाम निवांत बसवलेली असतील तर दहातला एकच उठला. बाकीच्यांनी डोळे चोळले, हाताने धूर बाजूला केला आणि लिहीतच राहिले. प्रत्येक जण दुसऱ्याच्या शांत चेहऱ्यावरून "काही नाही" असं समजत होता. त्या पहाटे आपल्या गॅलऱ्यांत तेच झालं. वाशिष्ठी नदीचं पाणी वाढत होतं आणि आपण पाण्यापेक्षा एकमेकांचे चेहरे जास्त वाचत होतो. यात कोणाचा दोष नाही. पण मीटर आज जिथे आहेत तिथेच राहिले आणि पुन्हा तशी पहाट आली, तर ते आपल्याला आधीच माहीत होतं हे लक्षात ठेवायला लागेल.

बी-४०४: त्याच पहाटे ३०३ चे दादा एकटे उठून गाडी कामथे गावाच्या बाजूला घेऊन गेले होते. त्यांना बघून आणखी दोघे गेले. तेवढ्याच तीन गाड्या वाचल्या. म्हणजे एकाला बघून चांगलंही होतं.

बी-२०३: होतं ना! म्हणूनच कोणाचं बघून वागणं वाईट असं मी म्हणतच नाही. काय बघायला मिळतं ते महत्त्वाचं. आपल्या नोटीस बोर्डाचंच घ्या. त्यावर लिहिलंय, "अनेक सभासद ओला-सुका कचरा वेगळा करत नाहीत, ही खेदाची बाब आहे." सचिवसाहेब, तुमची तळमळ कळते, पण वाचणाऱ्याला त्यातून काय कळतं? की अनेक जण करत नाहीत. अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या एका राष्ट्रीय उद्यानात कोट्यवधी वर्षांपूर्वी दगड झालेली झाडं आहेत, लोक तुकडे खिशात घालून नेतात. रॉबर्ट सियाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाटेवर खुणा केलेले तुकडे ठेवून दोन तऱ्हेच्या पाट्या लावून पाहिल्या. "कृपया तुकडे नेऊ नका" अशी पाटी असताना दोन टक्क्यांहून कमी तुकडे गेले. "आधी अनेकांनी तुकडे नेले, त्यामुळे जंगलाची हानी झाली" अशी पाटी असताना जवळजवळ आठ टक्के गेले. चोरीबद्दल हळहळणारी पाटीच चोरी वाढवत होती. आपल्याकडे खरं तर बरीच घरं कचरा वेगळा करतात, मी रोज सकाळी डबे बघते. तेच लिहा.

सचिव: नोटीस उद्या बदलतो. हे लक्षातच आलं नव्हतं. आणि अंगठ्यांचा मेसेज मागे घेतो. मॅडम, चिठ्ठ्या कशा करायच्या सांगा.

बी-२०३: वॉचमनच्या टेबलावर बंद डबा. प्रत्येक घराला एकसारखी कोरी चिठ्ठी. "मीटर" किंवा "रंग" एवढंच लिहायचं. रविवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर यावर कोणी मत टाकायचं नाही, मीसुद्धा नाही. आज मी इतकं लिहिलं, हाही एक दबावच झाला, त्याबद्दल क्षमा मागते. सोमवारी सगळ्यांसमोर मोजू आणि मग हवी तेवढी चर्चा करू.

ए-२०१ काका: मला मान्य आहे. माझं मत रंगच राहील, पण दुसऱ्याचं दाबून नको.

ए-१०१: आजी सांगत्ये, नातू टाइप करतोय. आजीला लिहिता येत नाही, तिने चिठ्ठी कशी द्यायची? दुसऱ्याकडून लिहून घेतली तर त्याला कळेल, असं म्हणत्ये.

बी-२०३: आजी, मीटर हवे असतील तर चिठ्ठीवर एक रेघ ओढा, रंग हवा असेल तर दोन. बाकीच्यांनीही रेघाच ओढायच्या, म्हणजे चिठ्ठी कोणाची ते कळणार नाही.

ए-१०१: आजी विचारत्ये, तुम्ही किती ओढणार?

बी-२०३: ते सोमवारनंतर सांगेन, आजी. तुमच्या तुम्ही ओढा.