दुबई : व्हिसा रिन्यूअलच्या एक्स-रेमध्ये जुना डाग दिसला, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही दुबईत राहतो. यांच्या रेसिडेन्स व्हिसाचं नूतनीकरण चालू आहे. रक्ताचा रिपोर्ट व्यवस्थित आला, पण छातीच्या एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात जुना डाग दिसला, त्यामुळे फिटनेस सर्टिफिकेट अडकलंय. थुंकीचे नमुने द्यायला सांगितलेत. कल्चरचा (थुंकीतले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा) रिपोर्ट यायला सहा-आठ आठवडे लागू शकतात आणि व्हिसाची मुदत त्याआधीच संपतेय. माझा आणि मुलांचा व्हिसाही यांच्याच स्पॉन्सरशिपवर आहे, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

यांना कॉलेजात असताना टीबी झाला होता. सांगलीजवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात डॉट्सचा (देखरेखीखाली टीबीची औषधं घेण्याचा) सहा महिन्यांचा पूर्ण कोर्स केला. आता खोकला नाही, ताप नाही, वजनही उत्तम. सासूबाईंनी ते उपचाराचं कार्ड जपून ठेवलंय, पण घडीवर शाई उडालीय आणि नेमकी 'उपचार पूर्ण'ची तारीख वाचता येत नाही.

असा जुना डाग असूनही रिन्यूअल झालेलं कुणी इथे आहे का? जिल्हा क्षयरोग केंद्रातून उपचार पूर्ण झाल्याचा दाखला नव्याने मिळतो का? दीर स्वतः जाऊन आणू शकतील की अधिकारपत्र लागेल? दाखला मराठीत मिळाला तर इथे कायदेशीर भाषांतर पुरतं, की भारतातून अटेस्टेशनही (सरकारी साक्षांकन) करावं लागतं? आणि रिपोर्ट येईपर्यंत मुदतीचं काय करायचं, हे कंपनीच्या पीआरओने (व्हिसाची सरकारी कामं पाहणाऱ्या माणसाने) पाहायचं की आपण अर्ज करायचा?

स्वतःचा अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा. दीर सोमवारी सांगलीला जाणार आहेत, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.