मदत हवी आहे: शंभरपर्यंत म्हणते, पण सात चिंचोके देता येत नाहीत

जुईची_आई:
मुलगी पावणेसहा वर्षांची, यंदा पहिलीत. एक ते शंभर घडाघडा म्हणते. वाटीतले सात चिंचोके दे म्हटलं की मूठभर देते. समोर मांडलेले पाच नीट मोजते, पण लगेच "किती आहेत?" विचारलं की पुन्हा एकपासून सुरू. आणि पंचवीस लिही म्हटलं की ५२! घरी काय करून घ्यावं?

खडूफळा:
५२ चं नंतर बघू, आधी चिंचोके. पुन्हा मोजते याचा अर्थ, शेवटी म्हटलेला आकडा हाच सगळ्यांचा मिळून आकडा, हे अजून बसलेलं नाही. शंभरपर्यंतची माळ कवितेसारखी पाठ होते, तिच्यावर जाऊ नका.

वाटीत दहा-बारा चिंचोके, शेजारी ताटली. "दोन दे", "चार दे", "एक दे" असं उलटसुलट, प्रत्येक आकडा तीनदा. मध्ये टोकू नका. तीन बरोबर येतात आणि चारला मूठ, तर काम चारवर करायचं, सातवर नाही. बहुतेक मुलांना चारच्या पुढचं बऱ्यापैकी एकदम उलगडतं.

सरावात आकडा आधी, मोजणी मग: "हे चार चमचे. एक, दोन, तीन, चार." मोजलेली वस्तू बाजूला सरकवायला लावा, नाहीतर बोट पुढे आणि तोंड मागे. 'अक-रा' म्हणताना दोन वस्तूंना बोट लागतंय का, तेही बघा.

सापशिडी एवढ्यात नको, तिथे दर ओळीला दिशा उलटते. पुठ्ठ्यावर १ ते १० ची सरळ पट्टी आखा. सोंगटी चारवर आणि दान दोनचं, तर "पाच, सहा" म्हणत सरकवायची. "एक, दोन" म्हणत सरकवली तर पट्टीवरच्या आकड्यांकडे लक्षच जात नाही.

पाटीपेन्सिल:
पंचवीस ऐकताना पाच आधी येतो, म्हणून ५ आधी लिहिला जातो. आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे दोन गठ्ठे डावीकडे, पाच सुट्या उजवीकडे. लिहिण्याआधी फक्त "गठ्ठे किती?" एवढंच विचारा. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, पण पायरी म्हणून ते बिनधास्त वापरा, जोडीला पंचवीसही म्हणा. एकोणतीस, एकोणचाळीस सगळ्यात शेवटी, 'तीस' ऐकून मुलं ३९ लिहून मोकळी होतात.

जुईची_आई:
शाळेत आत्ताच पन्नासपर्यंत लिहून मागतात हो.

खडूफळा:
निपुण भारतमध्ये (केंद्र सरकारचा लहान मुलांच्या पायाभूत वाचन-गणिताचा कार्यक्रम) ९९ पर्यंतचं वाचन-लेखन पहिलीच्या अखेरीस अपेक्षित आहे, आत्ता नाही. बाईंना तसं सांगा आणि तूर्त वीसपर्यंतचाच गृहपाठ मागून घ्या.