सिस्टर टिकत नाहीत, सुरुवात कुठून करू?

प्रश्न: छोट्या रुग्णालयाचं व्यवस्थापन नुकतंच माझ्याकडे आलंय. पगार लगेच वाढवणं हातात नाही. काय करता येईल?

वॉर्ड इन्चार्ज सिस्टर: नाइटला लागून मॉर्निंग लावू नका, माणूस मोडतो. व्हेंटिलेटरच्या पेशंटमागे एक सिस्टर हवीच. आणि पेशंटला वापरलेली सुई टोचली तर पीईपीची, म्हणजे एचआयव्हीची लागण टाळणारी, गोळी शक्यतो दोन तासांत, फार तर 72 तासांत सुरू व्हावी लागते. आमच्याकडे पहाटे तीनला त्या गोळ्यांचं कपाट कुलूपबंद, किल्ली फार्मासिस्टच्या घरी! ती नाइट इन्चार्जकडे द्या.

प्रश्नकर्ता: किल्लीचं आजच बघतो. नातेवाईक अंगावर येतात त्याचं?

वॉर्ड इन्चार्ज सिस्टर: महाराष्ट्रात रुग्णालयातल्या हिंसेविरुद्ध 2010 चा कायदा आहे, त्यात नर्सही येतात. पण तक्रार रुग्णालयाच्या नावाने तुम्ही द्या. पोरीला एकटीला ठाण्यात पाठवू नका, सोबत जा.